कन्सोलला एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडताय? फॉरमॅटच्या आधीचं आणि नंतरचं सगळं

जुलैतल्या एका शनिवारी माझा भाचा ठाण्याहून नेरूळला आला. सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला प्लेस्टेशन ५, म्हणजे त्याचा गेम खेळायचा कन्सोल, आणि त्याच्या बाबांची जुनी, १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क. बाहेर धो धो पाऊस, ट्रान्स-हार्बर लोकल रखडत आलेली, तरी दारातच म्हणाला, "मावशी, कन्सोल पूर्ण भरलाय. ही डिस्क जोडून फॉरमॅट करून दे ना. पाच मिनिटांचं तर काम आहे."

फॉरमॅट करायला खरंच मिनिटभर पुरतं. आम्हाला मात्र सगळी दुपार लागली, आणि ती लागली याचं मला आजही बरं वाटतं. कारण डिस्क आधी लॅपटॉपला लावून पाहिली, तर एका फोल्डरात २०१३ च्या गणपतीचे व्हिडिओ निघाले. नौपाड्यातलं आमचं जुनं घर, इमारत पुनर्विकासाला जायच्या आधीचं. माझे वडील आरती म्हणतायत. वडील आता नाहीत, घरही नाही आणि त्या व्हिडिओची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. भाच्याच्या बाबांना ते त्या डिस्कवर असल्याचं आठवतही नव्हतं.

म्हणून या लेखात फॉरमॅटचं बटण उशिरा येईल.

फॉरमॅट केल्यावर नेमकं काय होतं

डिस्कवर फायली नुसत्या पडून नसतात. कुठली फाईल कुठल्या जागी आहे याची एक वही डिस्कवरच असते. ती वही लिहिण्याच्या पद्धतीला फाईल सिस्टिम म्हणतात. विंडोजवाले बहुतेक एनटीएफएस वापरतात. पेन ड्राइव्हवर फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स गेम ठेवण्यासाठी डिस्क आपापल्या पद्धतीने तयार करून घेतात. फॉरमॅट म्हणजे जुनी वही फाडून नवी, कोरी वही घालणं. जुन्या फायली लगेच पुसल्या जातातच असं नाही, पण त्यांचा पत्ता हरवतो, आणि त्या जागेवर नवा गेम उतरला की त्या कायमच्या जातात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कन्सोलने गेमसाठी फॉरमॅट केलेली डिस्क कॉम्प्युटरला वाचता येत नाही. अर्ध्या भागात गेम आणि अर्ध्या भागात फोटो, अशी वाटणी होत नाही. कन्सोल अख्खी डिस्क घेतो. दुसरी, चुकून फॉरमॅट झालंच तर डिस्क त्याच क्षणी काढून बाजूला ठेवायची. तिच्यावर एकही गोष्ट नवी लिहायची नाही. डेटा परत मिळण्याची जी काही शक्यता असते ती तेवढ्यावरच टिकून असते.

आधी ठरवा: डिस्क गेमसाठी की व्हिडिओ-बॅकअपसाठी

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग दोनदा फॉरमॅट करत बसतात. गेम ठेवायचे असतील तर फॉरमॅट कन्सोलवरच होतं, कॉम्प्युटरवर काही करायची गरज नाही. डिस्क आधी एनटीएफएस असो की एक्सफॅट, फरक पडत नाही. पण प्लेस्टेशनवर सिनेमे-फोटो बघायचे असतील, स्क्रीनशॉट बाहेर काढायचे असतील, किंवा प्लेस्टेशनचा बॅकअप घ्यायचा असेल, तर डिस्क कॉम्प्युटरवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागते. गेमसाठी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर प्लेस्टेशन बॅकअप घेत नाही.

प्लेस्टेशन ५ वाल्यांनी आणखी एक गोष्ट खर्च करण्याआधी समजून घ्यावी. यूएसबी डिस्कवरून प्लेस्टेशन ४ चे गेम थेट खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे गेम तिथे फक्त ठेवता येतात. खेळायचा दिवस आला की कन्सोलच्या आत हलवावे लागतात. ठेवण्याची ही सोयसुद्धा एप्रिल २०२१ च्या अपडेटमध्ये आली. कारण वेगाचं आहे. या कन्सोलच्या आतली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, सेकंदाला ५ जीबीच्या वर वाचते आणि गेम तो वेग गृहीत धरून बनवलेले असतात, तर साधी फिरणारी डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते. प्लेस्टेशन ५ चे गेम थेट चालवण्यासाठीच जागा वाढवायची असेल, तर त्याला आत बसणारी एम.२ एसएसडी लागते. तो वेगळा खर्च आणि वेगळं काम.

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस यांचंही गणित तेच. जुन्या एक्सबॉक्स वनचे आणि त्याआधीचे चालणारे गेम यूएसबी डिस्कवरून खेळा. सिरीजसाठी खास बनवलेले गेम तिथे साठवा आणि खेळताना आत घ्या.

मग हार्ड डिस्कचा उपयोग काय? माझ्या मते भरपूर. मूळ प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेली असते, पण हातात साधारण ६६७ जीबीच येते. एक मोठा गेम शंभर जीबी खातो. तो काढून टाकायचा आणि परत खेळावासा वाटला की पुन्हा अख्खा डाउनलोड करायचा, यापेक्षा डिस्कवरून आत घेणं कितीतरी सोयीचं. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने ६० जीबीचा गेम दहा मिनिटांत हलतो. ज्यांच्या ब्रॉडबँडवर महिन्याच्या डेटाची मर्यादा आहे त्यांना तर हा फरक बिलात दिसतो.

डिस्क चालेल का? आणि केबल?

प्लेस्टेशन ४ आणि ५ दोघांनाही कमीत कमी २५० जीबी आणि जास्तीत जास्त ८ टीबीची डिस्क चालते. प्लेस्टेशन ४ मध्ये ही सोय ४.५० या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१७ पासून आहे, त्यामुळे कपाटात ठेवून दिलेला जुना कन्सोल असेल तर आधी अपडेट करा. एक्सबॉक्स सिरीजला किमान १२८ जीबी, एक्सबॉक्स वनला किमान २५६ जीबी. सगळ्यांना यूएसबी ३.० किंवा पुढचं हवं. निन्टेंडो स्विच घरात असेल तर हा लेख त्याच्या कामाचा नाही. तो गेमसाठी हार्ड डिस्क घेत नाही, त्याला मायक्रोएसडी कार्ड लागतं, आणि स्विच २ ला मायक्रोएसडी एक्स्प्रेस.

आता केबल, कारण सर्वात जास्त लोक इथेच अडतात. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या बाजूला बहुतेक वेळा एक रुंद, चपटं भोक असतं, दोन भाग जोडल्यासारखं. त्याच्या मोठ्या भागात जुन्या फोनच्या चार्जरची मायक्रो यूएसबी पिनही बसते. डिस्कचा दिवा लागतो, डिस्क फिरते, सगळं ठीक वाटतं. पण त्या केबलने वेग यूएसबी २.० चाच मिळतो, आणि कन्सोल डिस्क चालणार नाही म्हणून सांगतो. लोक चांगली डिस्क खराब समजून दुकानात परत घेऊन जातात. भाच्यानेही पाऊस म्हणून मूळ केबल घरीच ठेवून फोनची आणली होती. माझ्याकडच्या जुन्या डिस्कची रुंद पिनवाली केबल लावली आणि अडचण तिथेच संपली. विकत घ्यायची असेल तर वाशी किंवा ठाणे स्टेशनजवळच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात "यूएसबी थ्रीची हार्ड डिस्क केबल" म्हणून मागा, आणि डिस्क सोबत न्या म्हणजे पिन जुळवून बघता येईल.

कन्सोलवर पोर्टही पाहून निवडायचं. मूळ प्लेस्टेशन ५ मध्ये पुढचं चौकोनी यूएसबी पोर्ट हळू आहे. मागची दोन्ही पोर्ट वेगवान आहेत, डिस्क तिथेच लावा. मध्ये यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टची अनेक करणारी डबी, घालू नका, प्लेस्टेशन हबमधून डिस्क घेत नाही. प्लेस्टेशनला गेमसाठीची डिस्क एका वेळी एकच लागते, दोन जोडता येत नाहीत.

डिस्क जुनी असेल तर कानाजवळ नेऊन ऐका. सारखी फिरल्याचा मंद आवाज ठीक आहे. टक-टक असा ठरावीक अंतराने आवाज येत असेल, तर ती डिस्क गेमसाठीसुद्धा वापरू नका. त्यातलं जे वाचतंय ते लगेच काढून घ्या.

डिस्क रिकामी करणं

कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक फोल्डर उघडा. "न्यू फोल्डर" नावाचे आधी उघडा, कारण घरातल्या सगळ्यात मौल्यवान गोष्टी अशाच नावांच्या फोल्डरांत असतात. लपवलेल्या फायली दिसतील अशी सेटिंग एकदा चालू करून बघा. आणि डिस्क ज्यांची आहे त्यांना फोन करा. "यात काय आहे?" असं विचारू नका, त्यांना आठवत नसतं. जे दिसतंय ते वाचून दाखवा. आम्ही भाच्याच्या बाबांना फोनवर फोल्डरांची नावं वाचून दाखवली. गणपतीचं नाव येताच ते गप्प झाले आणि म्हणाले, "थांबा, ते आधी काढून घ्या."

कॉपी करताना कट-पेस्ट नको, कॉपीच. कटमध्ये मध्येच वीज गेली तर काय गेलं आणि काय राहिलं याचा हिशोब लागत नाही. कॉपी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवा. जुळले तरी पाच-सहा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा. आमच्या डिस्कवर ३८० जीबी होते. गणिताने तासाभरात व्हायला हवं होतं, पण हजारो छोट्या फोटोंमुळे जवळजवळ अडीच तास लागले. छोट्या फायली नेहमी वेळ खातात, तेव्हा घाई असलेल्या दिवशी हे काम काढू नका.

एक प्रत लॅपटॉपवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर झाल्याशिवाय मी पुढे गेले नाही. वडिलांचा व्हिडिओ भाच्याने स्वतःच्या फोनमध्येही घेतला. तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि व्हिडिओत टाळ हातात घेऊन मध्ये मध्ये येत होता.

प्लेस्टेशन ५ वर फॉरमॅट

कन्सोल चालू करा आणि डिस्क मागच्या पोर्टला लावा. इतर पेन ड्राइव्ह आणि डिस्का काढून ठेवा, म्हणजे चुकीची निवडायची वेळच येणार नाही. कन्सोल बहुतेक वेळा स्वतःच विचारतो. नाही विचारलं तर सेटिंग्ज, त्यात स्टोरेज, त्यात यूएसबी एक्सटेंडेड स्टोरेज, आणि मग "फॉरमॅट ॲज यूएसबी एक्सटेंडेड स्टोरेज". सगळा डेटा जाईल अशी सूचना येते. इथे डिस्कचा आकार वाचा, तुमचीच आहे ना याची खात्री करा आणि मग होकार द्या.

मिनिटभरात काम होतं. त्यानंतर याच स्टोरेजच्या पानावर "इन्स्टॉलेशन लोकेशन" आहे. तिथे प्लेस्टेशन ४ आणि प्लेस्टेशन ५ च्या गेमसाठी वेगवेगळी जागा ठरवता येते. माझा सल्ला: प्लेस्टेशन ४ चे गेम डिस्कवर आणि प्लेस्टेशन ५ चे आत. असं एकदा ठेवलं की नवा गेम घेताना विचार करावा लागत नाही.

आधीचे गेम हलवायला स्टोरेजमध्ये कन्सोल स्टोरेज, त्यात गेम्स अँड ॲप्स उघडा, हवे ते निवडा आणि यूएसबीवर हलवा. खेळाची प्रगती, म्हणजे सेव्ह केलेला डेटा, मात्र कन्सोलच्या आतच राहतो. डिस्क दुसऱ्या घरी नेली तर गेम जाईल, प्रगती जाणार नाही. तिथल्या प्लेस्टेशन ५ वर तो गेम खेळायला तुमच्या अकाउंटने साइन इन करावं लागेल, आणि गेम सीडीवर घेतला असेल तर सीडीही लागेल.

प्लेस्टेशन ४ वर हाच मार्ग थोडा वेगळा आहे: सेटिंग्ज, डिव्हायसेस, यूएसबी स्टोरेज डिव्हायसेस, डिस्क निवडा आणि "फॉरमॅट ॲज एक्सटेंडेड स्टोरेज". प्लेस्टेशन ४ वर फॉरमॅट केलेली डिस्क प्लेस्टेशन ५ ला तशीच लावता येते, पुन्हा फॉरमॅट करावी लागत नाही. जुना कन्सोल विकून नवा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर आहेत ते गेम स्वतःच्या हाताने पुसले जातील.

एक्सबॉक्सवर

डिस्क लावली की पडद्यावर प्रश्न येतो: ही मीडियासाठी ठेवायची की गेम आणि ॲप्ससाठी फॉरमॅट करायची? हा पडदा वाचून उत्तर द्या, पटकन पुढे जायच्या नादात नको. गेमसाठी निवडलं की डिस्कला नाव द्यायचं आणि नवे गेम इथे उतरवायचे की आधीच्याच जागी ते सांगायचं. प्रश्न आला नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज डिव्हायसेस. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर विंडोजची एनटीएफएस डिस्क एक्सबॉक्स तशीच वाचतो. प्लेस्टेशन एनटीएफएस वाचत नाही.

व्हिडिओ किंवा बॅकअपसाठी: कॉम्प्युटरवर एक्सफॅट

फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठं फॅट३२ करताच येत नाही असा अनुभव अनेकांना असेल. म्हणून एक्सफॅट घ्या. विंडोज, मॅक आणि प्लेस्टेशन तिघांनाही ते समजतं.

विंडोजमध्ये "धिस पीसी" उघडून डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टिममध्ये एक्सफॅट, अलोकेशन युनिट आहे तेच, नाव द्या, क्विक फॉरमॅटची खूण राहू द्या, स्टार्ट. क्विकची खूण काढली तर विंडोज सगळ्या डिस्कवर शून्य लिहीत बसतो. १ टीबीला सहज पावणेतीन तास. डिस्क विकायची असेल किंवा कुणाला द्यायची असेल तेव्हा मात्र तेच करा, म्हणजे आपले फोटो दुसऱ्याच्या हाती लागणार नाहीत. मॅकवर डिस्क युटिलिटीमध्ये "शो ऑल डिव्हायसेस" निवडून सर्वात वरची ओळ धरा, इरेज करा आणि फॉरमॅट एक्सफॅट घ्या. स्कीम, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत, विचारली जाते तिथे मास्टर बूट रेकॉर्ड निवडा, कारण दुसऱ्या पद्धतीची डिस्क प्लेस्टेशन कधी कधी दाखवत नाही. मास्टर बूट रेकॉर्डची मर्यादा २ टीबीपर्यंतच आहे, हे मोठ्या डिस्कवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

गेमची डिस्क परत कॉम्प्युटरसाठी वापरायची असेल तर

कन्सोलची डिस्क विंडोजला लावली की "वापरण्याआधी फॉरमॅट करा" अशी खिडकी येते. गेम ठेवायचे असतील तर कॅन्सल करा आणि डिस्क काढा. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून सांगून ठेवा. त्या खिडकीला होकार दिल्याने कितीतरी मुलांचे गेम गेले आहेत.

खरंच परत घ्यायची असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिच्या आकारावरून ओळखा. डिस्क ० ही बहुतेक वेळा तुमच्या कॉम्प्युटरचीच असते, तिला हात लावू नका. एक्सटर्नल डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. मग रिकाम्या पट्टीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम, एक्सफॅट किंवा एनटीएफएस, झालं. एकसारख्या आकाराच्या दोन डिस्का असतील तर एक काढून ठेवूनच हे करा.

आपल्या हवेत डिस्क सांभाळणं

हलवाहलव चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची वही अर्धवट लिहिलेली राहते. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात दिवसातून एकदा तरी दिवे लुकलुकतात, म्हणून मोठे गेम हलवताना कन्सोल इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलेला असतो. वीज गेलीच तर पुढच्या वेळी कन्सोल डिस्क तपासायला घेतो. ती तपासणी पूर्ण होऊ द्या, मध्ये बंद करू नका.

डिस्क ओढून काढायची नाही. प्लेस्टेशन ५ वर यूएसबी एक्सटेंडेड स्टोरेजच्या पानावरच सुरक्षित काढायचा पर्याय आहे. तो सापडत नसेल, किंवा एक्सबॉक्स असेल, तर कन्सोल पूर्ण बंद करा आणि मग काढा. रेस्ट मोड, म्हणजे कन्सोलची झोप, म्हणजे बंद नव्हे. डिस्क कन्सोलच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे गरम हवा असते. फिरत असताना उचलू किंवा हलवू नका, आतली प्लेट आणि तिच्यावर तरंगणारा वाचक यांच्यातलं अंतर केसाहूनही कितीतरी कमी असतं. खाडीजवळच्या आपल्या दमट हवेत, वापरात नसलेली डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. बुटांच्या खोक्यांतल्या त्या पुड्या मी साठवते.

संध्याकाळी सहाच्या सुमारास भाच्याची डिस्क कन्सोलवर फॉरमॅट झाली आणि प्लेस्टेशन ४ चे चार गेम तिच्यावर गेले. निघताना मी त्याला एक स्टिकर आणि पेन दिलं. त्याने लिहिलं: "पीएस ५ ची डिस्क. बाबा, कॉम्प्युटरला लावू नका." तो डिस्कवर चिकटवला, केबल डिस्कलाच रबरबँडने बांधली, आणि सगळं टॉवेलात गुंडाळून तो ठाण्याच्या गाडीला निघाला.